कौलारू घरात उंच उतरतं सिलिंग उघडं ठेवायचंय? मग कौलं चढायच्या आधी हे ठरवून घ्या

गावच्या जागेत घर बांधणारे किंवा आजोबांच्या वेळचं घर दुरुस्त करणारे बरेच जण हल्ली मोबाईलमध्ये एकच फोटो घेऊन सुताराकडे येतात. हॉलमध्ये मान वर केली की थेट आढ्यापर्यंत मोकळी उंची, लाकडी वासे दिसतायत, मधोमध लांब वायरचा दिवा लोंबतोय. फोटो छानच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण फ्लॅटमध्ये आधी स्लॅब पडतो आणि सहा महिन्यांनी सावकाश पीओपीवाला येतो तसलं इथे चालत नाही, कारण इथे खालून जे दिसतं ते छप्परच असतं, वेगळं सिलिंग म्हणून काही नसतंच. वायर कुठून जाणार, पंखा कशाला टांगणार, कौलाच्या खाली फळी येणार का नाही, गरम हवा कुठून बाहेर पडणार, हे सगळं कौलं वर जायच्या आधी ठरलेलं पाहिजे. नंतर सुचलं तर छप्पर उतरवा नाहीतर वाशांवर पांढऱ्या प्लास्टिकच्या केसिंगपट्ट्या मारून त्या फोटोची वाट लावा.

खाली जे लिहिलंय ते मंगलोरी कौलाचं दुपाखी (आढ्यापासून दोन्हीकडे उतरणारं) छप्पर आणि कोकणातला पाऊस धरून लिहिलंय, म्हणजे अलिबाग-श्रीवर्धनपासून खाली सावंतवाडी-गोव्यापर्यंत कुठेही लागू पडेल. पुण्यात फार्महाऊस करणाऱ्यांना पावसाचा भाग थोडा सैल करून वाचता येईल.

आधी शब्द, म्हणजे सुताराशी बोलता येईल

सगळ्यात वरचं आडवं लाकूड ते आढं. आढ्यापासून भिंतीकडे उतरत येतात ते वासे. वाशांवर आडव्या मारतात त्या रिपा, ज्यांवर कौल अडकतं. छपराची एक बाजू म्हणजे एक पाखं. एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर टाकलेलं जाड लाकूड ती तुळई. आढ्यावर बसतात ती वेगळी कौलं, ते कोने. भिंतीच्या बाहेर आलेल्या छपराखालची जागा ती वळचण आणि तिथून पाण्याच्या धारा पडतात त्या पागोळ्या. गावागणिक नावं थोडी बदलतात, तुमच्या सुताराचे शब्द वेगळे असतील तर तेच वापरा, उगाच त्याला शिकवायला जाऊ नका.

पायरी १: कुठली खोली उघडी, कुठली बंद

अख्खं घर उघडं ठेवायची हौस पहिल्यांदा सगळ्यांनाच असते. ठेवू नका. ओटी, हॉल, जेवणघर इथे उंची शोभते आणि उपयोगाचीही आहे, गरम हवा वर जाते आणि तुम्ही खाली बऱ्यापैकी गार बसता. पण ज्या बेडरूममध्ये एसी लावायचाय ती उघडी ठेवून काही फायदा नाही, नुसत्या कौलांच्या फटीतून गार हवा निघून जाते आणि बिल मात्र येत राहतं. तिथे सपाट माळा किंवा नीट बंद केलेलं सिलिंग करा, वर सामान ठेवायला जागाही मिळते (आणि कोकणातल्या घरात सामान किती असतं ते सांगायला नको). स्वयंपाकघर उघडं ठेवणार असाल तर चिमणी किंवा एक्झॉस्ट दणकट घ्या, नाहीतर फोडणीचा वास हॉलमधून फिरून सगळ्यांच्या उशीपर्यंत पोचतो, कारण खोल्यांच्या मधल्या भिंती वर आढ्यापर्यंत नेल्या नाहीत तर वरून सगळं घर एकच असतं. आवाजाचंही तेच. पलीकडच्या खोलीतलं घोरणं अलीकडे ऐकू येतं. म्हणून कुठली भिंत वरपर्यंत न्यायची ते नकाशावरच लिहून टाका.

पायरी २: उतार किती

इथे थोडं गणित आहे पण सोपं आहे. मंगलोरी कौलाला कोकणातल्या पावसात साधारण ३० अंशाचा उतार बरा. सुताराच्या भाषेत फुटाला ७ इंच, म्हणजे आडवं एक फूट गेलात की उंची ७ इंच वाढली. हे कौल मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनायला लागलं, त्याआधी आपल्याकडे नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची छपरं. मंगलोरी कौलाला कडेने खाचा असतात, त्या एकमेकांत बसतात, म्हणून ते सरकतही नाही आणि पाणीही सहसा आत घेत नाही. पण उतार फारच कमी ठेवलात तर वाऱ्याची झड पाण्याला त्या खाचेतून उलटं वर ढकलते आणि मग भर जुलैमध्ये हॉलमध्ये टोप मांडून बसावं लागतं. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्याशी पंगा नको.

आता उंची काढा. घराची रुंदी २० फूट असेल तर आढ्यापर्यंत अर्धी रुंदी १० फूट, गुणिले ७ इंच, म्हणजे ७० इंच, पावणेसहा फुटांच्या किंचित वर. भिंत ९ फूट असेल तर आढं जवळपास १५ फुटांवर जाईल. एवढं पुरेसं उंच दिसतं. ४५ अंश केलंत तर आढं १९ फुटांवर जातं, फोटोत झकास दिसतं, पण तेवढी जास्त लाकडं, जास्त कौलं, वाऱ्याचा जास्त मार, आणि वरची जळमटं काढायला सर्कसवाला बोलवावा लागतो. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये उतरत्या छताच्या खोलीची सरासरी उंची किमान २.७५ मीटर मागितलीय, म्हणजे ९ फूट, ती वरच्या हिशोबात आरामात बसते.

जे कोणी सांगत नाही ते हे की उतार बाहेरच्या बाजूलाही चालूच असतो. भिंतीच्या बाहेर अडीच फूट छप्पर आणलंत, आणि चिऱ्याच्या भिंतीला झडीपासून वाचवायचं तर तेवढं आणायलाच हवं, तर वळचण साधारण दीड फूट खाली येते. ९ फुटांची भिंत, वळचण साडेसात फुटांवर. ठीक आहे, अजून चालतं. पण तेच छप्पर सरळ पुढे नेऊन ६ फुटांची पडवी काढलीत तर साडेतीन फूट खाली, म्हणजे वळचण साडेपाच फुटांवर, आणि येणारा प्रत्येक पाहुणा कपाळ आपटून घेणार. जुन्या घरांत पडवीची जमीन ओटीपेक्षा एक पायरी खाली असते आणि तरीही वाकून आत यावं लागतं, त्याचं एक कारण हेच गणित आहे. उपाय तीन: भिंत दहा-साडेदहा फूट घ्या, नाहीतर पडवीची जमीन खाली घ्या, नाहीतर पडवीला मुख्य छपराच्या खालून वेगळं, थोडं कमी उताराचं पाखं काढा. मला तिसरा आवडतो कारण दोन छपरांच्या मधे जी फूट-दीड फूट पट्टी उरते तिथे जाळी बसवून उजेड आणि हवा दोन्ही घेता येतं.

पायरी ३: ढाचा, आणि तुळई का काढायची नाही

ही पायरी घाईत वाचू नका.

वासे दोन्ही बाजूंनी आढ्याला टेकलेले असतात आणि वर कौलांचं वजन असतं. वजन किती? साधारण १०० चौरस फुटाला, म्हणजे एक ब्रासला, १४०-१५० कौलं लागतात. २० बाय ३० चं घर, चारी बाजूंनी अडीच फूट बाहेर छप्पर धरलं आणि उताराची लांबी धरली तर छपराचं क्षेत्रफळ हजार चौरस फुटांच्या आसपास जातं, म्हणजे १४०० च्या वर कौलं. एका कौलाचं वजन अडीच किलो धरा, साडेतीन टन झाले, पावसात भिजल्यावर त्याहून जास्त. हे सगळं वजन वाशांना खाली दाबतं आणि वाशांचे पाय भिंतींना बाहेर ढकलायला बघतात. तुळई त्या दोन भिंतींना धरून ठेवते. आणि जुन्या घरात माळा ज्या तुळयांवर असतो, त्याच या तुळया.

आता शहरातून आलेला नवा मालक काय करतो, तर माळा अंधारा आहे, उंदीर आहेत, उंची पण पाहिजे, म्हणून फळ्यांबरोबर तुळयाही कापून टाकतो. पहिल्या पावसात काही होत नाही. मग भिंतीच्या वरच्या भागाला चीर पडते, भिंत बाहेर कलते, आढं मधे वाकतं, आणि कौलांच्या ओळी वाकड्या झाल्या की गळती सुरू. फळ्या काढा, तुळया ठेवा. खालून त्या दिसतात तर दिसू देत, उलट चांगल्या दिसतात आणि पंखे-दिवे टांगायला त्याच कामाला येतात.

तुळई अजिबात नकोच असेल तर आढं स्वतः इतकं दणकट पाहिजे की ते न वाकता पूर्ण वजन घेईल, आणि त्याची टोकं घराच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींवर किंवा खांबांवर नीट टेकलेली पाहिजेत. तेव्हा वासे आढ्याला लटकल्यासारखे राहतात आणि भिंतींवरचा रेटा बराच कमी होतो. हे सुताराच्या अंदाजावर सोडायचं काम नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे द्या, अख्ख्या घराच्या खर्चात ती फी काहीच नसते. जुनं घर घेताय तर काही फोडायच्या आधी भिंतींना ओळंबा लावा आणि आढ्याखाली दोरी ताणून बघा, वाकलंय का ते लगेच कळतं.

लाकूड की लोखंड? साग परवडला तर प्रश्नच नाही. जुन्या घरांत ऐन, किंजळ, फणस सापडतं, ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा खाली पिवळी पूड पडलेली दिसली तर भुंगा लागलाय. चांगलं निघालं तर तेच परत वापरा, तसं लाकूड आता सहज मिळत नाही. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही चालते, फक्त ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, हातमोजे घालून लावा. लोखंड करणार असाल तर बॉक्स पाईपचे वासे आणि रिपा स्वस्तात आणि पटकन होतात, पण समुद्राजवळ खारी हवा आहे, पाईपची उघडी टोकं बंद करून घ्या नाहीतर आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. जीआय पाईप (झिंकचा थर दिलेला) घेतलात तरी वेल्डिंगच्या जागी झिंकचा थर जळून जातो, तिथे झिंकचा रंग मारायलाच लावा. वेल्डर टाळाटाळ करतो. उभे राहून करून घ्या.

पायरी ४: खालून काय दिसणार

नुसती कौलं दिसू दिली की काम सर्वात स्वस्त आणि हवाही खेळती राहते, पण धूळ पडते, झडीत बारीक तुषार येतात आणि कौलातून उन्हाचा ताव जाणवतो. ओटीला चालेल, हॉलला मी नाही म्हणेन.

सिलिंगचं कौल म्हणून एक वेगळं मातीचं कौल मिळतं, खालच्या बाजूला नक्षी असलेलं, ते खाली आणि मंगलोरी कौल वर. दोन थरांच्या मधे हवा राहते, खोली खरंच गार राहते, धूळ थांबते, आणि दिसतंही सुंदर. माझ्या मते बजेट असेल तर डोळे मिटून हेच करा. वजन वाढतं, ते इंजिनिअरला आधीच सांगा म्हणजे तो वासे त्या हिशोबाने देईल.

लाकडी फळ्या मारल्या तर एकदम बंगल्याचा लूक येतो. गोव्यातल्या जुन्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत कौलांच्या खाली लाकडी सिलिंग दिसतं ते बघून या. पण फळीवर थेट रीप मारायची नाही. फळीवर आधी वाशाच्या दिशेने उभ्या पट्ट्या मारा आणि त्यावर आडव्या रिपा, म्हणजे एखादं कौल फुटून पाणी आलंच तर ते रिपेमागे न तुंबता पट्ट्यांच्या मधून वळचणीपर्यंत वाहत जातं आणि हवाही फिरते. मधे वॉटरप्रूफ शीट घालायची तर श्वास घेणारी घ्या, साधा प्लास्टिकचा कागद घातला की आतली दमट हवा त्याला चिकटते आणि लाकूड कुजतं. साधं प्लायवूड तर नकोच, दोन पावसांत फुगतं. सिमेंट फायबर बोर्ड चालतो, रंगवता येतो.

उतरता स्लॅब टाकून वर कौलं चिकटवायची पद्धतही खूप दिसते. माकडांचा त्रास कमी होतो हे खरं. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती गरमी खोलीत सोडतो, आणि वरची चिकटवलेली कौलं तडकली की पाणी त्याखाली कुठून कुठे जातं ते शोधता शोधता नाकी नऊ येतात.

पायरी ५: वायर आणि पंखा

इलेक्ट्रिशियनला कौलवाल्याच्या आधी बोलवा. वाशांच्या वरच्या अंगाने, फळीच्या किंवा सिलिंगच्या कौलाच्या वरून पाईप न्या, आणि प्रत्येक तुळईवर एक पॉईंट काढून ठेवा, आत्ता लागत नसला तरी. पंखा आढ्याला टांगू नका. १५ फुटांवरून फिरणारा पंखा वरच्या वर गरम हवा ढवळत बसतो. पाती जमिनीपासून ८-९ फुटांवर यायला हवीत, म्हणून तुळईला हूक मारून तिथून टांगा, दांडा तुळईच्या उंचीच्या हिशोबाने घ्या. तुळई नसेल तिथे दोन भिंतींमधे एक जीआय पाईप टाका. उतरत्या पाख्यावर टांगताना पात्याचं टोक पाख्यापासून मोकळं राहतंय ना ते आधी मोजा.

दिव्यांचं थोडक्यात सांगतो. वरून प्रकाश टाकायचा नाद सोडा, बल्ब गेला की शिडी. भिंतीवर ७ फुटांवर दिवे लावा, त्यातले दोन वरच्या दिशेने सोडा, म्हणजे वासे उजळतात. लोंबता दिवा लावायचाच असेल तर जेवायच्या टेबलावर, हात पोचेल इतका खाली.

पायरी ६: हवा आणि उजेड

वर गेलेली गरम हवा बाहेर पडली नाही तर उंचीचा निम्मा फायदा गेला. त्रिकोणी भिंतीत अगदी वर, आढ्याच्या जरा खाली, जाळी किंवा झडपा ठेवा, दोन्ही टोकांना. झडपांच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात आणि त्यावर छोटं छप्पर हवं, नाहीतर झड सरळ आत. आतून बारीक जाळी मारा. वळचणीची फटसुद्धा जाळीने बंद करा पण सिमेंटने नको, उदमांजर आणि उंदीर थांबले पाहिजेत, हवा नाही. उदमांजर एकदा आढ्यावर राहायला आलं की त्याला नोटीस देऊन निघत नाही.

उजेडासाठी काचेची कौलं. मंगलोरीच्याच मापात येतात. एका खोलीला दोन-चार पुरतात, जास्त टाकलीत तर एप्रिलमध्ये खाली बसवत नाही. शक्यतो उत्तरेच्या पाख्यावर घ्या.

पायरी ७: कौलं चढवणं

दिवाळीनंतर काम काढा आणि मृगाच्या आत संपवा. मे महिन्यात कौलवाला शोधायला निघालात तर मिळणार नाही, तो अख्ख्या गावाची घरं शाकारत असतो.

कौल घेताना बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर चीर आहे किंवा कच्चं भाजलंय. एक कौल कोरडं वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा आणि परत वजन करा, पाचव्या हिश्श्याच्या वर पाणी पीत असेल तर तो माल नको. जुनी कौलं घेतलीत तरी हरकत नाही, पण सगळी एकाच कारखान्याची बघून घ्या, शिक्का मागे असतो. कारखाना बदलला की खाचा जुळत नाहीत. रिपांचं अंतर साधारण १२-१३ इंच येतं, पण पुस्तकातलं माप धरू नका, तुमच्याच ढिगातली दहा-बारा कौलं जमिनीवर जोडून माप काढा आणि मगच रिपा मारा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या पट्ट्यात आलं तेव्हा कौलं आणि पत्रे पानांसारखे उडाले. कौल नुसतं अडकवून ठेवलेलं असतं, वाऱ्याने खालून उचललं की गेलं. म्हणून वळचणीच्या दोन-तीन ओळी, कडेची कौलं आणि कोन्याच्या लगतची ओळ तारेने रिपेला बांधून घ्या, कौलाला मागे त्यासाठी भोक असतं. तार गंजणार नाही अशी घ्या. कोने सिमेंटच्या मालात बसवतात, तो माल फार कडक नको, थोडा चुना घातला तर तडे कमी जातात.

आणि पहिलंच घर असेल तर छप्पर साधं दुपाखी ठेवा. एल आकाराच्या घरात दोन पाखी आतल्या कोपऱ्यात मिळतात तिथे जी खाच तयार होते, तिथेच पाला साठतो, तिथे घातलेला पत्रा सडतो आणि तिथेच गळतं.

पायरी ८: आतलं सामान

उंच खोलीत सगळं फर्निचर बुटकं दिसतं, त्यामुळे घाबरून उंच कपाटं घेऊ नका. भिंतीला ७ फुटांवर एक आडवी रेघ द्या, फळी म्हणा, खालचा वेगळा रंग म्हणा, म्हणजे बसल्यावर खोली अंगाशी आल्यासारखी वाटते. भिंती फिक्या, वरचं लाकूड आहे त्या रंगाचं. वासे काळे रंगवायची फॅशन आहे, रात्री फार अंधारं वाटतं. आवाज घुमत असेल तर सतरंजी, पडदे, पुस्तकांचं शेल्फ, एवढ्याने काम होतं.

पायरी ९: दरवर्षीचं काम

उघड्या सिलिंगचा एक मोठा फायदा असा की गळती लगेच दिसते, माळ्यावर लपून राहत नाही. पहिल्या पावसात खालून टॉर्च मारून ओले डाग बघा आणि खडूने वाशावर खूण करा, उघडीप मिळाली की तेवढंच कौल बदला. खालून बांबूने ढकलून कौल सरळ करता येतं, सिलिंगचं कौल किंवा फळी असेल तर मात्र वर चढावंच लागतं. चढणारा माणूस कौलाच्या मधोमध पाय देत नाही, दोन कौलं एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते तिथे देतो, नवखा असेल तर आडवी फळी टाकून चालायला सांगा.

माकडांवर पक्का इलाज कोणाकडे नाही. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा, घराजवळ पिकलेले फणस-पपई झाडावर ठेवू नका, फार त्रास असेल तर कौलांवरून वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) टाकतात, दिसायला वाईट पण टिकतं. कौलं घेतानाच शंभरेक जास्तीची, त्याच शिक्क्याची घेऊन मागच्या पडवीत उभी रचून ठेवा, काचेचीही दोन. चार वर्षांनी त्या कारखान्याचा माल मिळेलच असं नाही.